घासू नका जी

तराजूसाठी कूलर बंद करावा लागतो.
मे महिन्यात, इतवारीत, दुपारी अडीच वाजता
कूलर बंद करणं म्हणजे काय
ते सराफा ओळीत बसणाऱ्यालाच विचारा.
पण काट्याला वारा चालत नाही.
मिलिग्रॅमच्या घरात झुळूकसुद्धा खोटं बोलते.

लांजेवारांनी रुमाल सोडला.
रुमालात फिल्मच्या रिळाची डबी,
डबीत कापूस,
कापसात गिनी.
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं खांबांवर चढलेले हात,
पण नाणं कडेनंच धरतात,
लेकराच्या पायातला काटा धरावा तसं.

"पाहून सांगा जी. पण घासू नका."

जमवणारे सगळे हेच म्हणतात.
पाटल्या घेऊन येणारी बाई म्हणते, घासा, माझ्यासमोर घासा.
नाणेवाल्याला खरं तर हवं असतं
पण ओरखडा नको असतो.

नाही घासलं.
वजन सात पूर्णांक अठ्ठ्याण्णव. बरोबर.
दोऱ्याच्या झोळीतून पाण्यात सोडलं,
पाण्यानं आपला वाटा उचलला,
भागाकार केला: सतरा पूर्णांक सात. बरोबर.
बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीनं टिचकी दिली,
नाद गेला तो पार पानठेल्यापर्यंत.
यंत्राखाली ठेवलं.
एक्याण्णव पूर्णांक सहा. बाकी तांबं.
लांजेवारांनी मान पुसली.
माझा हात कूलरच्या बटणाकडे निघालाच होता.

मग भिंग. सवय म्हणून.

घोड्याची मागची टाप जराशी सुजलेली.
सालातले दोन एक, एक धष्टपुष्ट, एक आजारी.
आणि काठावरच्या बारीक रेषा,
कानशीनं मागून सारख्या केलेल्या,
सगळ्या डावीकडे कलत्या.

डावखुऱ्याची कानस अशी जाते.
आबाजी डावखुरे होते.
याच पाटावर बसून त्यांनी मला शिकवलं,
तोंड पाहू नको, खोटं नाणं काठावर सापडते.
तुम्हाला कसं माहीत, आबाजी,
हे विचारायचं वय माझं तेव्हा नव्हतं,
आणि वय झालं तेव्हा ते नव्हते.

"सोनं खरं आहे," मी म्हणालो.
"अन् नाणं?"

मी भिंग त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी घेतलं नाही.

"कुठून आणलं होतं?"
"याच ओळीतून. सत्त्याऐंशी साली. तीन पगार गेले होते.
मागच्या जिन्यानं नेलं होतं मले,
दुकान कोणतं, आता आठवत नाही बाप्पा."

माझ्या पाठीमागे जिना आहे.
त्यावर आता रिकामी खोकी आणि जुना कूलर.

"पण काहून करत असन कोणी?
खऱ्या सोन्याचं खोटं?"

तेव्हा गिनीला सोन्याहून वर भाव होता, मी म्हणालो,
वरचा भाव साच्याचा.
एवढंच म्हणालो.
बाहेर कोणाचा तरी ठेला अडकला होता,
शिव्यांना सुरुवात झाली होती.

लांजेवार बराच वेळ डबीतल्या कापसाकडे पाहत बसले,
मग एकदम हसले,
खांबावरून तार जोडल्यावर माणूस हसतो तसे.
"मंग आता घासा ना जी!
आता कोणाले भेता?"

आबाजींचीच कसोटी. काळी, मधोमध झिजलेली.
पस्तीस-चाळीस वर्षं कापसात झोपलेलं नाणं
दगडावर ओढलं.
रेघ उठली, मऊ, पिवळी,
जणू तिला तो दगड पाठ होता.
तेजाबाचा थेंब टाकला.
रेघ हलली नाही.

पैसे घेतले नाहीत. त्यांना वाटलं, दया आली.

रात्री दुकान मिटताना
दगडावरून मेणाचा गोळा फिरवायचा असतो,
दिवसभराच्या सगळ्या रेघा मेण उचलून घेतं,
सालाअखेर त्यातून गुंजभर सोनं निघतं.
रोजचं काम आहे. फिरवला.
एक जागा सोडून.